पाचवं बटण

काकूंना तो प्रश्न पडला तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, आणि बटण त्यांनी कोपराने दाबलं होतं. माणसाला प्रश्न पडायची ही काही वेळ नव्हे. पण काकूंचे प्रश्न वेळकाळ बघून कधीच येत नसत. सांगायचं म्हणजे त्या बोहल्यावर उभ्या असतानाही त्यांना काहीतरी प्रश्न पडला होता, आणि तो विचारायला काकांच्या कानाशी लागल्या तर सगळ्यांना वाटलं नवरी लाजत्येय.

तर गोष्ट अशी. इमारतीच्या मुख्य दारात एक बटण. ते दाबलं की जिन्यातले सगळे दिवे लागायचे. वर चढत चढत अगदी शेवटच्या मजल्यावर गेलं की काकूंच्या दाराशी दुसरं बटण. ते दाबलं की तेच दिवे विझायचे. वर्षानुवर्षं काकू खाली लावत होत्या आणि वर विझवत होत्या. त्या दिवशी मात्र वरच्या बटणावर कोपर ठेवलं आणि त्या थबकल्या. खाली लावलेला दिवा वर विझतो कसा? या वरच्या बटणाला कोण सांगतं, की बाबा रे, खालच्याने दिवा लावलाय, आता तू विझव? आणि कुणी सांगत नसेल, तर त्याला कळतं कसं?

काकूंनी पिशव्या दारात ठेवल्या आणि प्रयोगाला लागल्या. वरून लावला, खाली जाऊन विझवला. खालून लावला, वर येऊन विझवला. मग वरून लावून वरूनच विझवला आणि खाली जाऊन परत लावून पाहिला. लागला! पिशवीतले टोमॅटो एकेक करून पायऱ्या उतरायला लागले तरी काकूंची ये-जा चालूच. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या विमेवाल्यांनी दार किलकिलं केलं.

"काकू, काही हरवलंय का?"

"नाही हो. सापडत नाहीये," काकू म्हणाल्या आणि पुढच्या फेरीला निघाल्या.

काका ऑफिसातून आले तेव्हा काकूंनी त्यांना चहाआधीच प्रश्न विचारला. काका पाणीखात्यात मोठे कारकून. त्यांनी बूट काढता काढता प्रश्न पूर्ण ऐकून घेतला, ही मोठी गोष्ट, आणि मग आपलं ठरलेलं उत्तर दिलं, "तुला काय करायचंय?"

काकांच्या बाबतीत अन्याय नको म्हणून सांगतो, हे उत्तर ते फक्त बायकोसाठी राखून ठेवत नसत. पाणी का येत नाही म्हणून विचारायला येणाऱ्या नागरिकांनाही ते हेच उत्तर देत. फक्त तिथे 'तुम्हाला' म्हणत.

मग काकूंनी इमारत पालथी घातली. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर इतिहास शिकवत असत. त्यांनी काकूंना बसवून घेतलं आणि विजेचा शोध लागण्यापूर्वी लोक कंदील कसे वापरत, यावर इतकं बोलले की काकू उठल्या तेव्हा खरोखरच दिवेलागण झाली होती. विमेवाले म्हणाले, "दिवा कसा विझतो हे गौण आहे काकू. तो विझलेला असताना तुम्ही पडलात तर काय, हा खरा प्रश्न," आणि आत कागद आणायला गेले. ते परत येईपर्यंत काकू थांबल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी प्रश्न ऐकला, काकूंची नाडी पाहिली आणि रात्री झोप नीट लागते का ते विचारलं. राहता राहिला वायरमन, ज्याने ही बटणं बसवली होती. त्याला तरी माहीत असणार! त्याने कानावरची पेन्सिल काढली, जिन्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि पेन्सिल परत कानावर ठेवून म्हणाला, "असंच असतं, काकू."

आता तुम्ही-आम्ही असतो तर इथे गप्प बसलो असतो. पण काकूंना मंडईच्या रस्त्यावरच्या महाविद्यालयाचा फलक आठवला. 'विद्युत अभियांत्रिकी तंत्रज्ञान पदवी. संध्याकाळचे वर्ग. वयाची अट नाही.' इतक्या मोठ्या इमारतीत एका बटणाचं उत्तर कुणाकडे तरी असेलच, असा साधा विचार करून त्या तिथे गेल्या. काचेच्या खिडकीमागे एक लिपिक बाई बसल्या होत्या.

"मला फक्त एक प्रश्न विचारायचाय," काकू म्हणाल्या.

"प्रश्न विचारायचे असतील तर प्रवेश घ्यावा लागतो," बाई मान वर न करता म्हणाल्या.

म्हणून काकूंनी प्रवेश घेतला. अगदी खरं सांगतो, यापलीकडे काही कारण नव्हतं.

पण प्रवेश घेणं म्हणजे काय खायचं काम आहे? बारावीला काकूंनी विज्ञान घेतलं होतं, ती गुणपत्रिका ट्रंकेच्या तळाशी सापडली, तोवर सगळं सुरळीत चाललं. मग अर्ज तपासता तपासता लिपिक बाई एकदम थांबल्या. "पालकांची सही?"

"माझाच मुलगा नोकरीला लागलाय हो," काकू म्हणाल्या.

"लागू दे. पालकांच्या सहीशिवाय संगणक पुढे जात नाही."

संगणक पुढे जात नाही म्हटल्यावर माणसाने काय करायचं? काकूंनी काकांना आणलं. काका वाटभर बडबडत आले, पण खिडकीशी पोचल्यावर सरकारी कागद दिसला आणि त्यांचा हात आपोआप पेनाकडे गेला. एवढ्या वर्षांची सवय! सही केली आणि नात्याच्या रकान्यात त्यांनी 'पती' लिहिलं. लिपिक बाईंनी ते खोडलं. पती चालत नव्हता. वडील, आई किंवा पालक, यांतलंच एक हवं होतं. काकांनी दातओठ खात 'पालक' लिहिलं, आणि घरी परतताना दोघंही एका रस्त्याच्या दोन बाजूंनी चालली.

वर्गात काकूंना पहिल्या बाकावर जागा मिळाली, कारण ती कुणालाच नको होती. शिकवायला एक कोवळे प्राध्यापक होते. काकूंनी पहिल्याच दिवशी हात वर केला. प्राध्यापक प्रेमाने म्हणाले, "जिन्याचं बटण दुसऱ्या सत्रात आहे, काकू." काकू सत्रभर वाट पाहत राहिल्या. मधल्या काळात त्यांनी विचारलं, की वीज तारेतून जाते म्हणजे नक्की काय जातं? आपण पंखा बंद केल्यावर उरलेली वीज कुठे थांबते? पक्षी तारेवर बसतो, मग त्याला का काही होत नाही? प्राध्यापक आधी हसले, मग घामाघूम झाले, आणि मग रोज रात्री पुस्तक वाचून यायला लागले. काही का असेना, दोघांचाही अभ्यास झाला.

आणि एके संध्याकाळी त्यांनी फळ्यावर ते बटण काढलं. वर एक बटण, खाली एक बटण, आणि दोघांच्या मधे दोन तारा. प्रत्येक बटणाचं काम एवढंच, की या दोन तारांपैकी एक धरायची. दोन्ही बटणांनी एकच तार धरली असेल तर दिवा लागतो. एकाने ही आणि दुसऱ्याने ती धरली, तर विझतो. बस्स! कुणी कुणाला काही सांगत नाही, कुणाला काही कळतही नाही. काकू फळ्याकडे बघत राहिल्या आणि एकदम खळखळून हसल्या. इतकं सोपं! आणि आपण टोमॅटो घरंगळेपर्यंत जिने चढत होतो! त्या दिवशी त्या घरी आल्या ते पाय जमिनीला न लागता.

इथेच थांबल्या असत्या तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण एक प्रश्न सुटला की त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, ही काकूंच्या डोक्याची जुनी खोड. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला त्या प्रयोगशाळेत उभ्या होत्या. सगळी जोडणी बरोबर झालेली. आता नुसतं 'सर, झालं' म्हणायचं बाकी. तेवढ्यात त्यांना वाटलं, फ्यूज उडतो, उडतो म्हणतात, म्हणजे नेमकं काय होतं? दोन तारांची टोकं समोरच होती. काकूंनी ती अलगद एकमेकींना भेटवली.

फटाक्! प्रयोगशाळा अंधारली. मग वरचा मजला अंधारला. मग प्राचार्यांच्या खोलीतला दिवा गेला. त्यांनी त्या वेळी संगणकावर कसलासा अहवाल शेवटापर्यंत लिहीत आणला होता, असं नंतर कळलं. अंधारात काकूंचा एकटीचा आवाज आला, "अच्छा! असं होतं होय!"

काकू नापास झाल्या. ते त्यांनी मान्यही केलं. पण महाविद्यालयाने दुसऱ्या दिवशी त्यांच्या पालकांना बोलावून घेतलं.

काकांचं काय झालं असेल, तुम्हीच बघा. आयुष्यभर लोकांना टेबलासमोर उभं ठेवणारा माणूस, प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या टेबलासमोर हात बांधून उभा. बाजूला आणखी दोन-तीन विद्यार्थ्यांचे बाप. प्रमुख वयाने काकांच्या धाकट्या भावासारखे. ते म्हणाले, "तुमच्या पाल्याचं लक्ष अभ्यासात आहे, पण हाताला वळण नाही. घरी जरा धाक ठेवत चला."

"तिला?" काकांच्या तोंडून निघून गेलं, "मी?"

बाकीचे बाप त्यांच्याकडे सहानुभूतीने बघत होते. एकाने तर बाहेर आल्यावर पाठीवर हात ठेवून म्हटलं, "होतं हो. पहिलंच मूल असलं की लाड होतात."

काका घरी आले, बूट न काढता खुर्चीत बसले आणि त्यांनी जाहीर केलं, "आजपासून या घरात विजेचं नाव काढायचं नाही. आणि तू जिथे जिथे हात लावला असशील, त्या कुठल्याही बटणाला मी या जन्मात हात लावणार नाही. समजलं?"

समजलं तर सगळ्यांना. इमारतीत ही बातमी लपते थोडीच! हेडमास्तर काकांना पाहिलं की मोठ्याने विचारायला लागले, "काय पालक, कसं चाललंय पाल्याचं?" विमेवाले तर नुसतं "नमस्कार, पालक" म्हणून पुढे जायचे. काका आतल्या आत जळायचे आणि घरी येऊन काकूंशी अबोला धरायचे. काकूंना वाईट वाटत होतं. पण खरं सांगायचं तर अबोल्यापेक्षा त्यांना दुसरीच काळजी होती. नियम असा, की प्रात्यक्षिकात पुन्हा नापास झालं की नाव कायमचं कमी. परत प्रवेश नाही. आणि अजून तर त्यांना मोटर फिरते कशी हेसुद्धा कळायचं राहिलं होतं.

त्यातही एक अडचण होती. प्रात्यक्षिक द्यायचं प्रयोगशाळेत, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी लिहून दिलं होतं, की या बाई आत येणार असतील तर मी बाहेर जाईन. नियम मोडता येईना, प्रमुख हलेनात. शेवटी समितीने तोडगा काढला. विद्यार्थिनीने स्वतःच्या राहत्या जागी एखादी जोडणी करावी, आणि परीक्षक तिथे येऊन ती तपासतील. तिथे अंधार झाला तर तो तिचा तिने बघावा.

काकूंनी ठरवलं, जिन्याचाच दिवा घ्यायचा. आतापर्यंत फक्त टोकांना दोन बटणं होती. मधल्या लोकांना एक तर खाली उतरावं लागे, नाही तर वर चढावं लागे. आता प्रत्येक मजल्याला एक बटण द्यायचं. मधे एक खास बटण बसवतात. त्याचं काम दोन तारांची अदलाबदल करायची, हिची जागा तिला आणि तिची हिला. मग कुठूनही लावा, कुठूनही विझवा. मुख्य दारात एक, मधल्या तीन घरांना तीन आणि वर काकूंच्या घराला एक.

सोसायटीची परवानगी लागणार होती. चिटणीस होते विमेवाले. त्यांनी बैठक बोलावली, आणि बैठक म्हटली की सूचना आल्याच. हेडमास्तर म्हणाले, बटण उंचावर हवं, पोरं खेळतात. इमारतीत पोर एकही नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आणून दिल्यावर ते म्हणाले, पाहुण्यांची येतील. नर्सबाई म्हणाल्या, खाली हवं, ड्यूटीवरून येताना हात भरलेले असतात, कोपराने दाबता आलं पाहिजे. कोपराचा मुद्दा काकूंना एकदम पटला. विमेवाल्यांनी वेगळाच मुद्दा काढला. बटण जिन्यात का? जिन्यात असलं की ते कुणाचंच नसतं. ज्याने त्याने ते आपल्या घरात, दाराच्या आतल्या बाजूला घ्यावं. म्हणजे दार न उघडताच दिवा लावता येईल. ही सूचना सगळ्यांना इतकी आवडली की टाळ्या पडल्या. काकूंना आतून कुठेतरी खटकलं. पण काय खटकतंय ते त्यांना सांगता येईना, आणि परवानगी तर हवी होती.

वायरमनला सोबत घेऊन, इमारतीचा मुख्य वीजपुरवठा बंद करून, काकूंनी स्वतःच्या हाताने तारा ओढल्या. वायरमन शिडी धरून खालून विचारत होता, "काकू, हे असं का करायचं?" आणि काकू शिडीवरून सांगत होत्या. पाचही बटणं बसली. काकूंनी एकेक दाबून पाहिलं. कुठूनही लावा, लागत होता. कुठूनही विझवा, विझत होता. काका त्या वेळी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते, आणि ते उलटं होतं.

खटकत होतं ते काय, हे लवकरच कळलं. बटण घरात, दिवा बाहेर, दार बंद. नर्सबाईंच्या पायांचा आवाज आला की हेडमास्तर भल्या मनाने आतून बटण दाबायचे. त्याच वेळी विमेवालेही भल्या मनाने दाबायचे. एकाने लावला, दुसऱ्याने विझवला, आणि नर्सबाई अंधारात ठेचकाळत वर जायच्या. जिन्यात अंधार, अशी तक्रार झाली. चिटणीसांनी सूचना लावली, 'जिन्यात अंधार दिसल्यास प्रत्येक सभासदाने जबाबदारी ओळखून बटण दाबावे.' मग तर बघायलाच नको! सगळे एकदम जबाबदारी ओळखायचे. दिवा कधी लागायचा, कधी नाही, कधी नुसताच डोळे मिचकावायचा. "डिग्रीचा दिवा आहे तो," विमेवाले म्हणायचे, "त्याला अजून परीक्षा द्यायचीये."

काकूंनी घरोघर जाऊन हात जोडले. "हे बघा, परीक्षक यायच्या दिवशी कुणीही बटणाला हात लावू नका. माझं सगळं शिक्षण त्या एका दिवसावर आहे."

"आम्ही काय वेडे आहोत का?" हेडमास्तर म्हणाले. बाकीचेही असंच काहीतरी म्हणाले. काकांना सांगायची गरजच नव्हती. त्यांची प्रतिज्ञा होतीच.

परीक्षक संध्याकाळी अंधार पडता पडता आले. उंच, वाळके, बगलेत फाइल, आणि मागे ते कोवळे प्राध्यापक. काकू मुख्य दारात उभ्या होत्या. घाबरल्या की काकूंचा आवाज चढतो, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी आपली मांडणी समजावून सांगितली ती सबंध जिन्याला ऐकू गेली.

"तर सर," त्या शेवटी म्हणाल्या, "आता तुम्हीच बटण दाबा!"

परीक्षकांनी दारातलं बटण दाबलं. दिवे लागले, गेले, लागले, गेले. आणि गेलेच. मिट्ट काळोख.

"अरे?" काकू ओरडल्या. "सर, पुन्हा दाबा!"

परीक्षकांनी पुन्हा दाबलं. दिव्यांनी पुन्हा तसेच डोळे मिचकावले आणि पुन्हा काळोख.

गेलं सगळं, त्यांना वाटलं. मोटर कशी फिरते ते आता कधीच कळणार नाही. पुन्हा आपण आणि आपल्या पिशव्या. बाजूला अंधारात प्राध्यापक घसा खाकरत होते. त्यांनाही रडू येत असावं.

"बाई," परीक्षक म्हणाले, "मी आता बटणाला हात लावणार नाही, आणि तुम्हीही लावायचा नाही. अंधार का झाला ते आधी सांगा. कारण सांगता आलं तर पुढचं बघू."

कारण! काकूंच्या डोक्यात तो शब्द पडला आणि भीती कुठल्या कुठे गेली. खरंच की, का झाला? तारा पक्क्या होत्या. सकाळी तर पाचही बटणं नीट चालत होती. दिवे लागून मग विझले, म्हणजे वीज आहे. आणि लागून विझून पुन्हा लागून विझले, म्हणजे... काकूंनी मान वर केली.

"हेडमास्तर!"

तळमजल्याच्या दारामागून आवाज आला, "काय?"

"तुम्ही बटण दाबलंत?"

"एकदाच दाबलं हो. म्हणजे प्रत्येक वेळी एकदाच. तुम्ही दाबा म्हणालात, म्हटलं बिचारीला आपला हातभार."

"विमेवाले?"

"मला वाटलं बाकी कुणी दाबणार नाही," वरून आलं.

"नर्सबाई?"

"मी कोपराने दाबलं," त्याहून वरून आलं, जणू त्यामुळे गुन्हा कमी होतो.

"सर!" काकूंचा आवाज आनंदाने कापत होता. "चार! तुम्ही, आणि हे तिघं! एकाने लावला, दुसऱ्याने विझवला, तिसऱ्याने लावला, चौथ्याने विझवला. दोन्ही वेळा तेच! मांडणी बरोबर आहे सर, फक्त माणसं जास्त झाली. आता अजून कुणीतरी एकाने, फक्त एकाने दाबलं, की दिवा लागलाच पाहिजे!"

परीक्षक म्हणाले, "ठीक आहे. पण या चौघांपैकी कुणी नको. सगळ्यात वरच्या टोकाचं बटण राहिलंय. तिथून लावून दाखवा. तुम्ही मात्र इथे माझ्यासमोरच थांबा. वर कोण आहे?"

जगातल्या सगळ्या बटणांपैकी नेमकं तेच.

"आमचे हे," त्या म्हणाल्या, आणि जिन्याच्या पोकळीत तोंड करून हाक मारली, "अहो!"

वर दार उघडल्याचा आवाज आला. "काय आहे?"

"आपलं बटण दाबा ना!"

"मी सांगितलंय, मी हात लावणार नाही म्हणून."

"दाबा हो!" हेडमास्तर ओरडले. "दाबा, दाबा!" नर्सबाई ओरडल्या.

"तुम्ही कुणी दाबू नका!" काकू सगळ्यांवर ओरडल्या.

"हे वर बोलतायत ते कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"पालक!" पहिल्या मजल्यावरून उत्तर आलं, आणि अंधारात कुणीतरी फिसकन हसलं.

झालं! काकू मनात म्हणाल्या. आता हा माणूस दार लावून घेणार. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. एवढ्या लोकांसमोर त्या काकांशी कधी असं बोलल्या नव्हत्या. "अहो, ऐका ना. तुम्हाला माझ्यामुळे टेबलासमोर उभं राहावं लागलं, त्याचं मला फार वाईट वाटलं. पण हे सर मला नापास करतील हो. नाव काढून टाकतील. आणि मला शिकायचंय. मला फार मजा येते तिथे."

कुणी हसलं नाही. मग काकांचा आवाज आला, एकदम बारीक, काकूंनी इतक्या वर्षांत कधी न ऐकलेला.

"शॉक तर बसणार नाही ना गं?"

काकूंना एका क्षणात सगळं कळलं. प्रतिज्ञा वगैरे ठीक आहे. हा माणूस घाबरत होता!

"नाही हो! मी स्वतः केलंय ते!"

"म्हणूनच विचारतोय."

चपला फरफटल्या. एक मोठा श्वास घेतल्याचा आवाज झाला. आणि, टक्.

तळापासून वरपर्यंत सगळे दिवे लागले. लागले आणि लागलेलेच राहिले. तिन्ही दारं धाडकन उघडली आणि सगळ्यांनी एकच कल्ला केला. हेडमास्तर टाळ्या वाजवत होते. प्राध्यापक चष्मा पुसत होते. परीक्षकांनी फाइल कठड्यावर ठेवून त्यात काहीतरी लिहिलं, आणि निघता निघता काकूंना म्हणाले, "उत्तीर्ण. मांडणीला पैकीच्या पैकी दिले असते, पण बटणं घरात कशासाठी? ती जिन्यात घ्या. आणि बाई, मोटरच्या वर्गाला मी शिकवायला असतो. मी अंधाराला घाबरतो, एवढं लक्षात ठेवा."

काकू वर आल्या तेव्हा काका बटणाशीच उभे होते. बोट अजून त्यावरच. काकूंकडे न बघता त्यांनी ते दाबलं. दिवे गेले. पुन्हा दाबलं, आले.

"अगं," ते म्हणाले, "लावला होता परीक्षकांनी खाली. विझवला कुणी मधे. मग माझ्या या बटणाला कसं गं कळतं, की आता लावायचंय?"

काकू बघतच राहिल्या. 'तुम्हाला काय करायचंय?' हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं. इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यांना ते पाठच झालं होतं.

"तुम्हाला काय करायचंय?" त्या म्हणाल्याच.

काकांचा चेहरा एवढासा झाला. "सांग ना गं."

मग मात्र काकूंच्याने राहवेना. त्यांनी दारातल्या काकांच्या बुटांची एकेक नाडी ओढून काढली, काकांना वरच्या पायरीवर बसवलं, दोन नाड्यांचं एकेक टोक त्यांच्यापुढे ठेवलं आणि दुसरी टोकं आपल्या मुठीत लपवली. "ही एक तार. ही दुसरी. आता मी खालचं बटण. मी कुठली धरलीये ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही नुसती बदलायची." काका बदलू लागले. दर वेळी बदलली की उठून खरं बटणही दाबून बघू लागले. जिन्यातले दिवे लागत होते, विझत होते, लागत होते.

"ए, कोण बटणाशी खेळतंय रे?" पहिल्या मजल्यावरून विमेवाले खेकसले.

काकांनी कठड्यावरून खाली वाकून बघितलं, आणि पाणीखात्यात येणाऱ्या सगळ्या नागरिकांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं, "खेळत नाहीये! अभ्यास चाललाय आमचा!"